लाट कुठे अडते?

पाळीव सापाचं पिल्लू नीट चालत नाही, अशी तक्रार आली की ते कशावर ठेवलं होतं हे आधी विचारावं. नाशिकच्या नव्या इमारतींत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्या गुळगुळीत फरशीवर धडधाकट साप सोडला तरी तो जागच्या जागी वळवळत राहतो. पुढे जायला सापाला मागे रेटण्यासाठी काहीतरी लागतं: खडा, गवताचं बूड, कापडाची सुरकुती. अंगाची प्रत्येक वळी अशा एखाद्या आधाराला टेकते, त्याला ढकलते, आणि या सगळ्या रेट्यांमधून साप पुढे सरकतो. आधारच नसेल तर अंगातून मागे सरकणारी ही वळ्यांची लाट नुसती वाया जाते. म्हणून जुनी सुती चादर किंवा गोणपाट पसरावं, पिल्लू त्यावर ठेवावं आणि पाच मिनिटं हात न लावता बघावं. काही पिल्लं इथेच बरी होतात, आणि श्रेय मग कुठल्यातरी टॉनिकला मिळतं.

दुसरा प्रश्न थर्मामीटरचा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत येतो, आणि शहरातल्या खोल्याही पहाटे चांगल्याच गार पडतात. अठरा अंशांवर बॉल पायथन या पाळीव आफ्रिकी अजगराचं पिल्लू लुळं पडल्यासारखं वाटेल, आणि त्यात आजार काहीच नसेल. सापाचे स्नायू बाहेरच्या उबेवर चालतात. तीन-चार तास २८ अंशांवर ठेवल्याशिवाय त्याच्या हालचालीबद्दल काही बोलूच नये.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. हे सगळं पाळीव परदेशी सापांबद्दल आहे, म्हणजे मुख्यतः कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन. पावसाळ्याच्या तोंडाला गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याच्या कॉलन्यांत, कांदाचाळीत, द्राक्षबागेत जी पिल्लं सापडतात ती धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या यांची असतात, आणि नाग-घोणसचीही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार आपल्याकडचे साप घरी ठेवता येत नाहीत. जखमी असला तरी नाही, ‘बरा झाला की सोडू’ म्हणूनही नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा आणि तोवर लांब उभं राहून लक्ष ठेवायचं. यात कायद्यापेक्षा मोठं कारण जिवाचं आहे. घोणस पिल्लांना जन्म देते, एका वेतात वीस-तीस सहज, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. जाड, ठिपकेदार, सुस्त पडलेलं पिल्लू ‘डुरक्या दिसतोय, बिचाऱ्याला चालता येत नाही’ म्हणून उचलणं ही फार महागात पडणारी दया आहे.

बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव अधिनियमातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती जपून ठेवावी. आजारी प्राणी घेऊन पशुवैद्यांकडे जाताना कागद जवळ असलेले बरे.

आता पिल्लू उबदार आहे, कापडावर आहे आणि तरीही चालत नाही असं धरू. मग बघायची ती लाट. साप चालू लागला की वळी मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे सरकत जाते. सापाच्या अंगात दोनशेहून अधिक मणके असतात आणि शेपटी सोडली तर जवळपास प्रत्येकाला बरगड्यांची जोडी असते. त्यामुळे बिघाड जिथे आहे तिथे लाट अडते आणि तिच्या मागचं अंग नुसतं ओढलं जातं. पिल्लू तळहातावर घेऊन हलकेच पाठीवर वळवावं. निरोगी पिल्लू आधी डोकं सरळ करतं, मग मान, मग धड, आणि एक-दोन सेकंदांत पूर्ण पालथं होतं. एखाद्याचं डोकं आणि पुढचा तिसरा भाग वळतो आणि मागचा भाग उताणाच राहतो. ती जागा नाकापासून किती सेंटिमीटरवर आहे हे मोजून लिहून ठेवावं. मग कापसाच्या काडीने दोन्ही कुशींना मानेपासून खाली टोकत जावं. कातडी जिथे थरथरायची थांबते तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जवळजवळ आल्या तर मणक्याचा एक्स-रे काढताना डॉक्टरांना कुठे बघायचं ते आधीच कळतं.

शेपटीही बघावी. बोटाला ती विळखा घालते का, की लोंबते? मलद्वार घट्ट मिटलेलं आहे का, की किंचित उघडं आणि ओलसर? ते सैल असेल तर पुढे विष्ठा अडकण्याचा त्रास होणार हे गृहीत धरावं.

बिघाड डोक्यात असेल तर चित्र वेगळं दिसतं. लाट सगळीकडे पोचते, पण दिशा चुकते. मान तिरकी राहते, डोकं डुलतं, पिल्लू स्वतःभोवती पिळा घालतं किंवा तोंड आभाळाकडे करून तसंच राहतं. बॉल पायथनमध्ये ‘स्पायडर’ नावाचा रंगप्रकार घेतला असेल तर हे डुलणं जन्मजात असतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाची, रचनाच बिघडलेली दिसली. हा दोष रंगाबरोबरच येतो. कुणात कमी, कुणात जास्त. औषध नाही. विकणारे ‘मोठा झाला की जातं’ असं सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये आणि अशा सापाची पुढे पैदासही करू नये.

स्पायडर नसलेला साप अचानक डुलू लागला तर आधी घरातल्या फवाऱ्यांची चौकशी करावी. डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे यांत पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. बागेवरून फवारणी करून आलेल्या हातांनी पिल्लू उचललं जातं, आणि द्राक्षपट्ट्यात ही शक्यता अजिबात दूरची नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि फरशी पुसायचं फिनेल या दोन्ही गोष्टी सापाच्या खोलीत नकोतच. डबा धुवायला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो, नंतर स्वच्छ खळबळून पूर्ण वाळवायचा. गोचिड्या माराव्यात म्हणून अंदाजाने दिलेलं आयव्हरमेक्टिन किंवा जास्त दिलेलं मेट्रोनिडाझोल यांनीही सापाचा तोल जातो. पायथन-बोआंमध्ये इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य आजार आहे, त्यावर इलाज नाही. घरात दुसरे साप असतील तर डुलणारं पिल्लू वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, सगळ्यात शेवटी हाताळायचं. तीन महिने असा विलगीकरणाचा काळ धरावा.

उरलेली कारणं पटकन सांगण्यासारखी आहेत. अंडी उबवताना तापमान वर गेलं तर मणका वाकडा होऊन पिल्लू बाहेर येतं. डब्याच्या झाकणात चेमटणं, हातातून पडणं, जिवंत उंदराने चावणं यांनी मणका दुखावतो. जखमेतला जंतुसंसर्ग मणक्यात उतरला तर पाठ टप्प्याटप्प्याने ताठ होत जाते. कॅल्शियमची पावडर मात्र उगाच बदनाम आणि उगाच लोकप्रिय आहे. अख्खा उंदीर खाणाऱ्या सापाला हाडांसकट सगळं मिळतं. चिकनचे तुकडे भरवले जात असतील तरच कॅल्शियमचा विचार करावा, आणि तेव्हाही उपाय म्हणजे चिकन बंद करणं.

कारण काहीही निघो, रोजच्या सांभाळाचा पाया एकच आहे. सापाला गरम झालं की तो सावलीत जातो, गार वाटलं की उबेकडे, तहान लागली की पाण्याकडे. हालचाल गेली की ही सगळी निवड जाते. पाळीव सापाच्या घराची नेहमीची शिफारस, एक टोक गरम आणि एक टोक गार, ही चालत्या सापासाठी आहे. न चालणारं पिल्लू गरम टोकाला पडलं तर भाजतं आणि गार टोकाला पडलं तर त्याचं पचन थांबतं. म्हणून त्याच्या डब्यात टोकं ठेवायचीच नाहीत. सगळीकडे एकसारखी, मध्यम ऊब ठेवायची. बॉल पायथनला हवेचं तापमान २८ ते २९, कॉर्न स्नेकला २६ ते २७. रात्री दोन अंश उतरलं तर चालतं.

हे साधतं डब्यात डबा ठेवून. आतला डबा साधारण सहा लिटरचा, झाकणाचा, बुटका. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटरची भोकं. बाहेर थर्माकोलची पेटी, हवेला वाट ठेवलेली, आणि सात वॅटची हीट मॅट तिच्या आतल्या भिंतीला चिकटवलेली. सापाच्या पोटाखाली मॅट कधीच नको. मॅट थर्मोस्टॅटवर, आणि त्याचा सेन्सर आतल्या डब्यात, पिल्लाच्या उंचीवर, टेपने पक्का केलेला. सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो: सेन्सर निसटून पेटीबाहेर लोंबतो, खोलीतली गार हवा मोजत राहतो आणि मॅट बंदच होत नाही. म्हणून दुसरा स्वतंत्र थर्मामीटर हवाच. कोविडच्या वेळी घेतलेली टेम्परेचर गन वापरायची असेल तर ती आधी ‘सरफेस’वर करावी. ‘बॉडी’ या सेटिंगवर ती साधारण ३२ च्या खाली मोजतच नाही, आणि मोजते तेही माणसाच्या तापाच्या हिशेबाने.

लाइट गेली की एक लिटरची बाटली चाळीस अंशांच्या पाण्याने भरून, टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवावी आणि दोन तासांनी बदलावी. पाच-आठ ग्रॅमचं कॉर्न स्नेकचं पिल्लू फार लवकर गार होतं, साठ ग्रॅमचा पायथन जरा दम धरतो. एप्रिल-मेचा प्रश्न उलटा असतो. वरच्या मजल्यावरची खोली ३६-३७ वर गेली की मॅट बंद करून डबा खालच्या खोलीत हलवावा. कूलर लावला तर उकाडा आणि कोरडेपणा दोन्ही आटोक्यात येतात, फक्त त्याचा झोत थेट डब्यावर नको.

डब्याच्या तळाला घसरू न देणारी ड्रॉवरची जाळीदार मॅट, तिच्यावर किचन टॉवेलचा कागद. भुसा, लाकडाचा चुरा यांवर घसटत चालणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आणि मलद्वारात कण जातात. फांद्या, चढायच्या वस्तू काढून टाकाव्यात. पिल्लू उताणं पडत असेल तर हातरुमालाच्या दोन गुंडाळ्या दोन्ही कुशींना लावाव्यात, मधली वाट अंगाच्या दीडपट रुंद. लपायची जागा मात्र हवीच, अगदी बुटकी, पाठीला टेकेल अशी. सापाला पाठीवर काहीतरी टेकलं की तो शांत होतो, आणि अपंग पिल्लाला ती शांतता जास्तच लागते.

एका जागी पडून राहिलं की पोटाखालचे रुंद खवले लालसर होतात, मग फुगतात, मग सोलतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ जागा बदलायची आणि पोट उजेडात बघायचं. लाली दिसली तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात, फिक्या चहाचा रंग येईल इतकंच, आणि त्यात दहा मिनिटं पोट बुडवायचं, डोकं बाहेर. फोड आले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर.

पाण्याचं भांडं अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. मान उचलता न येणारं पिल्लू एवढ्याशा पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे डोकं डुलत असेल तर भांडं काढून टाकावं आणि दिवसाआड २९-३० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं बसवावं. पाणी अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंत, हनुवटीखाली घडी घातलेलं फडकं, आणि समोर माणूस. फोन आला तरी उठायचं नाही. कातडीला आडव्या चुण्या पडणं, डोळे खोल जाणं, विष्ठेतला पांढरा भाग पिवळा आणि खडबडीत होणं ही पाणी कमी पडल्याची चिन्हं. श्रावणात आवर्जून सांगावं लागतं म्हणून सांगतो: दूध नाही. तहानलेला साप समोर येईल ते पितो, दूध त्याला पचत नाही.

कात टाकायलाही चालावं लागतं. साप ओठ कशालातरी घासतो आणि मग जुन्या कातेतून सरपटत बाहेर येतो. न चालणाऱ्याची कात तुकड्यातुकड्यांत राहते. डोळे दुधाळ झाले की लपायच्या जागेत ओलसर, पिळून घेतलेला कोकोपीट ठेवावा, कापडाच्या पुरचुंडीत बांधून. तो कुठल्याही नर्सरीत मिळतो. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर चार-पाच दिवसांत कात निघाली नाही तर कोमट ओल्या सुती कापडाच्या घडीतून पिल्लाला डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू सरकवावं. शेपटीच्या टोकाला राहिलेलं कातेचं वेटोळं सुकलं की आवळतं, रक्त थांबतं आणि टोक काळं पडून गळतं. डोळ्यावरची कात ओढायची नाही, कधीच. पुढच्या कातेबरोबर ती बहुधा निघते.

खाणं. निरोगी बॉल पायथनच्या पिल्लाला वजनाच्या दहा-पंधरा टक्के भक्ष्य देतात, अशक्ताला आठ पुरे: साठ ग्रॅमच्या पिल्लाला पाच ग्रॅमचा उंदीर. कॉर्न स्नेकच्या अशक्त नवजाताला उंदराचं नुकतं जन्मलेलं, एक-दीड ग्रॅमचं पिल्लूही मोठं पडतं. पुढचा अर्धा भाग कापून द्यावा. जिवंत कधीच नको. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, अंगाचं तापमान ३७-३८ येईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये तो बाहेरून शिजतो आणि आतून गोठलेलाच राहतो. चिमट्याने, डोक्याकडून, नाकाच्या पातळीला धरावा. वर धरला की पिल्लू मान उचलायला जातं आणि कोलमडतं. डुलणाऱ्या पिल्लाचा नेम चुकतो. दोनदा चुकला की भक्ष्य तोंडासमोर ठेवून दिवा मालवून बाजूला व्हावं.

गिळलेला घास फुगवट्यासारखा दिसतो. लाट जिथे अडते तिथे तोही रेंगाळू शकतो, कारण घास मागे सारायला सापाचं सगळं अंग लागतं. दुसऱ्या दिवशी फुगवटा पुढे सरकलेला दिसला पाहिजे. खाल्ल्यावर ४८ तास उचलायचं नाही, पण जागा तर बदलायची आहे. म्हणून पिल्लू तसंच ठेवून खालचा कागद चारी कोपऱ्यांनी धरून सरकवायचा. उलटी झाली तर दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, पुढचा घास निम्मा. कारण बहुतेक वेळा गारठा, हाताळणी किंवा मोठा घास यांपैकीच असतं. तोंड उघडून कोंबणं घरी करू नये. नळीने भरवायची वेळ आली तर ते डॉक्टरांचं काम. आठवडा होऊनही विष्ठा नसेल तर कोमट पाण्यात बसवून बोटाच्या गादीने पोटावरून मलद्वाराकडे अगदी हलका हात फिरवावा. दाबायचं नाही.

नाशकात सापांचा सराव असलेले पशुवैद्य मोजकेच, म्हणून अनेकांना मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. कापडी पिशवीत पिल्लू, पिशवी थर्माकोलच्या पेटीत, एसीचा झोत दुसरीकडे, आणि आदल्या पाच दिवसांत खाणं नाही. घाटात उलटी झाली तर घास घशात अडकतो. सोबत न्यायचं ते आकड्यांत: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावरचं वजन, मोजलेल्या खुणा, तापमानाची नोंद, आणि आलेख-कागदावर चालतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ. औषधाचा डोस वजनावर ठरतो, आणि सहा ग्रॅमच्या जिवात एका ग्रॅमची चूक मोठी असते. इंजेक्शन शक्यतो अंगाच्या पुढच्या भागात द्यावं, मागून येणारं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं म्हणून. अमिकासिनसारखी प्रतिजैविकं तर पाणी कमी असलेल्या सापाला द्यायचीच नाहीत. आणि साप गार असेल तर कुठलंही औषध धड काम करत नाही, हे डॉक्टर सांगायला विसरले तरी आपण विसरू नये.

मणका स्थिर आहे असं एक्स-रेत दिसलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की मग व्यायाम. गोणपाटावर बोटाच्या पेराएवढे गुळगुळीत गोटे, पाच-पाच सेंटिमीटरवर, दोन ओळींत नागमोडी मांडावेत आणि पिल्लाला मधल्या वाटेने जाऊ द्यावं. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, अंग उबदार असताना. मागचा भाग ओढला जात असेल तर तो बोटाने उचलू नये, प्रत्येक गोट्याला कुशीने टेकेल इतपतच वळवावा. टेकलं की कधीकधी तिथला स्नायू स्वतःहून रेटतो, आणि खूण अर्धा-एक सेंटिमीटर मागे सरकते. आठ-बारा आठवड्यांत काहीच सरकलं नाही तर बहुधा आहे ते आहेच. अशी पिल्लंही खातात, वाढतात, वर्षानुवर्षं जगतात. सांभाळणाऱ्याचा वेळ तेवढा जातो.

काहींच्या बाबतीत मात्र थांबावं लागतं. जीभ बाहेर येईनाशी झाली, तोंड उघडून श्वास चालू झाला, घास गिळताच येईना, वजन मूळच्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त घटलं आणि उताणं पडलेलं पिल्लू सरळ व्हायचा प्रयत्नही करेना, तर डॉक्टरांशी मरणाबद्दल सरळ बोलावं. फ्रीजरमध्ये ठेवणं हा उपाय अनेकजण सुचवतात आणि तो क्रूर आहे. शुद्धीत असलेल्या सापाच्या अंगात बर्फ तयार होतो. सापाचा मेंदू ऑक्सिजनशिवायही बराच वेळ तग धरतो, त्यामुळे डॉक्टर दयामरण दोन टप्प्यांत देतात: आधी पूर्ण भूल, मग मेंदूचं काम कायमचं थांबवणं. नोंदणीकृत पायथन असेल तर त्याचा मृत्यू पोर्टलवर कळवावा लागतो. डॉक्टरांकडून त्याच दिवशी लेखी दाखला घ्यावा. घरात दुसरे साप असतील आणि कारण कळलं नसेल तर शवविच्छेदनही करून घ्यावं. त्यासाठी शरीर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. गोठवलं तर ऊती फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही हाती लागत नाही.